त्र्याहत्तर नंबरची दुसरी तार

"अमरावतीचा फोन येते, मी भाव सांगतो, अन् दुपारी तो साऱ्या बजाराले ठाऊक असते," कापसाचे शेठ आमच्या साहेबांना म्हणाले. "तुमची ऑपरेटर ऐकते."

ऑपरेटर शांताबाई दारात उभ्या होत्या. अकोल्याच्या एक्स्चेंजमध्ये तेव्हा प्रत्येक कॉल ऑपरेटर हाताने जोडत असे. ऐकायचं ठरवलं तर तिला ऐकता येई, म्हणून संशय तिच्यावरच. त्यांच्या घरातली ही पहिली सरकारी नोकरी. साहेबांनी त्यांच्या सस्पेंशनचा मेमो टाइप करून ठेवला होता.

मी तिथे मेकॅनिक होतो. शेठना विचारलं, "बोलताना आवाज पडतो का?"

"पडते ना. मधातच बसते."

ऑपरेटर ऐकत असली तर आवाज फारसा पडत नाही. त्याच लाइनवर कुणी दुसरा फोन उचलला, तर पडतो.

"साहेब, मेमो थांबवा."

"चार वाजेपर्यंत."

शेठचा नंबर त्र्याहत्तर. टेस्ट डेस्कवर लाइन घेतली. एका फोनला मीटरची सुई जेवढी उडते, त्याच्या दुप्पट उडाली.

एमडीएफ म्हणजे लोखंडी चौकट. तिच्या एका बाजूला गावातून आलेल्या तारा, दुसऱ्या बाजूला ऑपरेटरच्या बोर्डाचे नंबर. दोन्ही जोडणारी छोटी तार म्हणजे जंपर. त्र्याहत्तरला दोन जंपर होत्या. दुसरी एका डॉक्टरांच्या जुन्या घरी जात होती. त्यांची बदली झाल्यावर नंबर शेठना दिला होता.

"जंपर काहून नाही काढली?" मी आमच्या म्हाताऱ्या लाइनमनला, नामदेवरावांना विचारलं.

"डॉक्टरसायेब वापस येतीन म्हनलं. पोराच्या टायफॉइडात रात्रंदिवस आले ते. तार काढली की नंबर गेला ना त्यायचा."

त्या घरी आता भाजीवाल्या आजी भाड्याने राहत होत्या. खालचा फोन काढून नेला होता, पण माडीवर डॉक्टरांचा जादा फोन तसाच होता.

"घंटी वाजते तं उचलतो, बापू," आजी म्हणाल्या. "माह्यासंग कोनी बोलतच नाही. कापसाचा भाव तेवढा समजते. बजारात सांगतो मंग साऱ्यायले."

जंपर काढली. सुई जागेवर आली. बंद झालेले बाकीचे नंबर तपासले, तर आणखी तीन ठिकाणी नामदेवरावांनी कुणाकुणाची वाट पाहिली होती.

पावणेचारला साहेबांनी मेमो फाडला. माफी मागितली नाही.

"मंग बोर्डावर बसू ना मी?" शांताबाईंनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता हेडसेट चढवला.

दुसऱ्या दिवसापासून नियम झाला: जुनी जंपर काढल्याची दुसऱ्या माणसाची सही असल्याशिवाय नंबर पुन्हा द्यायचा नाही. रजिस्टरमध्ये 'मोकळा' लिहिल्याने नंबर मोकळा होत नाही. पक्कड घेऊन शिडीवर चढावं लागतं.