समासात लिहिणाऱ्या रशियनकाकू

रशियनकाकू ऐकताना माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. नवख्याला वाटायचं, बाईंचं लक्षच नाही. अमेरिकेत शिकायला आल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा "छे हो काकू, घरची आठवण वगैरे काही येत नाही" असं ऐटीत सांगत होतो. त्या म्हणाल्या, "येत नाही ना? मग पोळीचा एवढा चुरा कशाला केलास, नागपूरकर?" आणि माझ्या ताटात दुसरी पोळी टाकत, "तोंड सरकारी असतं रे. हात तेवढे घरचे."

काकू पुण्याच्या. काका पोलाद कारखान्यात इंजिनिअर होते आणि तिथल्या वसाहतीत शेजारी रशियन कुटुंबं होती. त्या बायकांबरोबर काकड्या खारवता खारवता काकू रशियन बोलू लागल्या; पुढे रीतसर परीक्षाही दिल्या. मग काकांना डेट्रॉइटच्या मोटारधंद्यात नोकरी लागली, जवळच ट्रॉय गावात घर झालं, आणि आमच्या विद्यापीठातल्या एका प्रोफेसरांना नेमकं रशियन येणारं माणूस हवं होतं. साल सत्त्याऐंशी. रशियाचं अफगाणिस्तानातलं युद्ध संपत नव्हतं, जिनिव्हातल्या वाटाघाटी रेंगाळल्या होत्या, आणि रशियातल्या साध्या माणसाला काय हवंय हे अमेरिकेत कुणालाच ठाऊक नव्हतं. तिकडे जाऊन विचारणं शक्य नव्हतं. म्हणून नुकतीच रशिया सोडून आलेली कुटुंबं गाठायची आणि विचारायचं: तुम्ही, तुमचे शेजारी, मागे राहिलेले नातलग काय म्हणतात? लढाई चालू ठेवावी की तह करावा? काकूंनी घरोघर जाऊन फॉर्म भरायचे आणि मी, स्टॅटिस्टिक्सचा विद्यार्थी, ती उत्तरं आकड्यांत बदलून कॉम्प्युटरवर चढवायची, अशी वाटणी होती.

अडचण पहिल्याच आठवड्यात आली. बहुतेक जण एकच वाक्य बोलत: "वरच्यांना कळतं." प्रोफेसरांच्या नियमाप्रमाणे याचा अर्थ सरकारला, म्हणजे युद्धाला, पाठिंबा. काकू चिडायच्या. "त्या लोकांना आजवर कुणी मत विचारलेलं नाही, तपासलेलं आहे. अर्धं घर अजून तिकडे अडकलंय. अनोळखी बाईपुढे काय बोलतील ते?" म्हणून त्या उत्तर इंग्रजीत लिहीत, आणि उत्तर देताना माणसानं काय केलं ते समासात पेन्सिलीनं, मराठीत लिहीत. "हे कागद कुणाच्या हाती जातील सांगता येत नाही. मराठी वाचणारा तू एकटा. तू वाच आणि नावं न घेता प्रोफेसरांना समजावून सांग."

मी वाचत असे. "उत्तराआधी उठून रेडिओ मोठा केला." "बायकोकडे बघून 'जिंकू' म्हणाला, तिनं कप उचलून नेला." एका आजींकडे काकू चार वेळा गेल्या होत्या, त्या काकूंना मुलगी म्हणत, निघताना डब्यात बिटाचं काहीतरी घालून देत. त्यांचा नातू तिकडे फौजेत होता. त्यांच्या फॉर्मच्या समासात दोनच ओळी होत्या: "आधी टेबलावरचा नातवाचा फोटो पालथा घातला. मग म्हणाल्या, वरच्यांना कळतं."

आता जे सांगायचं ते सांगतो. मला मे महिन्यात डिग्री हवी होती. ओहायोत, डब्लिनला, नोकरी जवळजवळ ठरली होती. समास धरायचे तर सगळे फॉर्म पुन्हा पहिल्यापासून लावावे लागणार होते, आणि माझा प्रबंध त्याच आकड्यांवर उभा होता. एक दिवस प्रोफेसरांनी एक फॉर्म उचलून विचारलं, "या कडेला काय खरडलंय?" मी म्हणालो, "काही नाही. बाईंच्या वाणसामानाच्या याद्या आहेत." ते हसले. मीही हसलो. एवढंच झालं. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी काही देऊ केलं नव्हतं.

अहवाल हिवाळ्यात आला. रशियन जनता युद्धाच्या पाठीशी आहे, तहासाठी खालून रेटा नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. तिकडून आलेल्या लोकांच्या एका छोट्या वर्तमानपत्रानं ते रशियनमध्ये छापलं. त्या आजींनी काकूंना फोन केला. "मुली, मी तुझ्यासमोर फोटो पालथा घातला होता. तुला दिसलं नाही?" काकू गाडी घेऊन धावल्या. दार उघडलं नाही. त्या आठवड्यात कुठलंच दार उघडलं नाही.

शेवटच्या दारावरून त्या थेट माझ्या अपार्टमेंटवर आल्या. कोट न काढता दारातच उभ्या राहिल्या.

"समास वाचले होतेस ना रे?"

"वाचले होते, काकू."

"सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही."

मी हात कोटाच्या खिशात घातले होते. घरात असून मी कोट का घातला होता, हे त्यांनी विचारलं नाही. म्हणाल्या, "जाऊ दे. तू तरी बोललास. लहान माणसानं मोठ्यापुढे बोलणं सोपं नसतं." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

त्यांनी नोकरी सोडली. वसंतात जिनिव्हात करार झाला, फौजा परतू लागल्या, अहवाल कुणाच्या लक्षातही राहिला नाही. आजींचा नातू परतला की नाही, हे काकूंना शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायला दारच उरलं नव्हतं. मंडळाच्या गणपतीत पोरं सवयीनं "रशियनकाकू" म्हणत, तर त्या म्हणायच्या, "नुसतं काकू म्हणा रे." काही वर्षांनी त्या गेल्याचं काकांनी फोनवर कळवलं. मी डब्लिनला होतो. गाडीनं चार तासांचा रस्ता. गेलो नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात नागपूरला गेलो तेव्हा कळलं की अहवाल आला त्याच हिवाळ्यात काकूंनी माझ्या आईला पत्र लिहिलं होतं. मजकूर थोडासाच होता. "तुमचा मुलगा इथे एकटा खरं बोलला. त्याचं नुकसान होऊ शकत होतं, तरी बोलला. अशा मुलाची आई कशी असेल, ते एकदा भेटून बघायचं आहे." आईनं ते पोथीच्या कापडात गुंडाळून ठेवलं होतं. घरी कुणी आलं की ती चष्मा लावून मोठ्यानं वाचून दाखवायची. लोक कौतुकानं माझ्याकडे बघायचे. मी पोहे खात तिथेच बसलेला असायचो, आणि तिचं वाचून होईपर्यंत थांबायचो.