प्रेस शॉपच्या जागेवरचं किचन

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या बाबांनी सगळी हयात कंपनीत काढली, घरात रोज बुद्धवंदना व्हायची. अंगात येणं, लिंबू उतरवणं असलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलंच नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर हसत वाचायचे. आता स्वतः लिहायला बसलेय, आणि खरं सांगू... भीतीनं नाही, संतापानं लिहितेय. डोकं अजून शांत झालेलं नाही.

चिंचवड स्टेशनपासून आत, एमआयडीसीच्या रस्त्यावर एक जुनी इमारत आहे. पहिल्यांदा तिथे प्रेस शॉप होतं, म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे पार्ट काढायचा कारखाना. काम चाकणकडे सरकलं तसं मालकानं मशीनं विकली आणि मंगल कार्यालय काढलं. मग रावेतच्या बाजूला मोठे एसी हॉल झाले, इथे लग्नाला कोणी येईना, म्हणून जागा क्लासवाल्यांना दिली. क्लास ऑनलाइन गेले आणि शेठनं स्वतःच किचन टाकलं. चाकणच्या कंपन्यांच्या कॅन्टीनला पोळ्या-भाजी आमच्याकडून जाते. पाट्या बदलत गेल्या, मालक मात्र तोच! पिठाच्या खोलीच्या दारावर अजून 'वधूपक्ष' लिहिलेलं आहे. मेनू आम्ही क्लासवाल्यांच्या पांढऱ्या फळ्यावर लिहितो. आणि कणकेच्या मशीनजवळ फरशीत जुन्या प्रेसचे कापलेले बोल्ट आहेत, त्यांना माझी ठेच लागतच असते.

मी तिथे सुपरवायझर. माझी धाकटी बहीण रेखा कणीक मळायच्या मशीनवर. हे मशीन म्हणजे स्टीलचं भलंमोठं पातेलं, आत फिरणारा लोखंडी दांडा आणि वर जाळी. जाळी उचलली की मशीन आपोआप थांबायला पाहिजे, त्यासाठी एक स्विच असतो. आमच्या शेठनं तो स्विच वायरनं बांधून टाकलेला! का, तर कडेची कणीक आत लोटायला दर वेळी मशीन थांबलं तर वेळ जातो. "शोभाताई, माल लेट गेला तर कंपनी ऐकून घेत नाही हो." मी सांगून सांगून थकले. आज मेकॅनिक येतोय, उद्या येतोय... तो मेकॅनिक काही उगवला नाही.

मागच्या महिन्यातली गोष्ट. भरसकाळी, पहिल्या शिफ्टचे डबे गाडीत चढत होते. मी फळ्यापाशी उभी, रेखा समोर चालू मशीनवर वाकून कणीक लोटत होती. तिची बाही दांड्यात अडकली. मी बघितलं. हात कोपरापर्यंत आत जाणार, तेवढ्यात रेखा मागे फेकली गेली. तोल जाऊन माणूस पडतो तसं नाही हो. आधी तिचे दोन्ही हात वर आले, ताठ, एकमेकांजवळ — आणि त्यांच्यामागून बाकीची रेखा. बाही फाटून मशीनमध्ये गेली आणि ती पिठाच्या पोत्यांवर जाऊन आदळली.

मी मेन स्विच पाडला आणि धावले. आधी तिची बोटं चाचपली. होती... सगळी होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, मला कोणी ओढलं?" तिच्या मागे पोती आणि भिंत, दुसरं कोणी नाही. पण दोन्ही मनगटांना ओली कणीक लागलेली, आणि त्या कणकेत बोटं उमटली होती. रुंद, पुरुषाची बोटं. आत आम्ही सगळ्या बायकाच होतो, ड्रायव्हर बाहेर गाडीत बसलेला.

आमच्या लतामावशी भांडी घासायला आहेत, मंगल कार्यालय होतं तेव्हापासून. त्यांनी ती मनगटं बघितली आणि हातातलं भांडं खाली ठेवलं. "व्हय गं बाई, ह्यो त्योच."

"कोण तोच?"

"कार्यालयात शटर पडत व्हतं, तवा माजा हातबी असाच मागं वढला व्हता. आमी कुनाला बोललो न्हाई." मग प्रेसवरच्या जुन्या माणसांकडून ऐकलेलं हळूहळू सांगायला लागल्या. प्रेसवर मराठवाड्यातला एक पोरगा होता. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली यायची नाही, म्हणजे हात आपोआप बाहेर राहायचे. शेठनं ती बटणं वायरनं बांधली आणि प्रेस पायानं चालवायला लावली, काम उरकावं म्हणून. "दोनी पंजं गेलं पोराचं. वर दारू पिऊन आलता म्हनून सांगितलं समद्यास्नी. गावाकडं नेला, तितंच वारला म्हनत्यात... हात हितंच ऱ्हायलं न्हवं त्याचं."

वायर! तेव्हाही वायर! माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

तेवढ्यात शेठ आले. रेखाकडे बघितलंसुद्धा नाही. "गाडी वेळेवर गेली ना?" हा पहिला प्रश्न. अस्सा राग आला म्हणून सांगू, कानाखाली आवाज काढावा वाटला. मी काय झालं ते सांगितलं, तर म्हणे, "हिचंच लक्ष नसणार. थांबा, कॅमेऱ्यात दाखवतो." हा कॅमेरा आम्ही किती वेळ बसतो ते बघायला लावलाय बरं का, जाळी आहे का नाही ते बघायला नाही. मोबाइलवर त्यांनी क्लिप लावली. मीही बघितली. रेखा वाकलेली, मग दोन्ही हात वर, मग ती पोत्यांवर. मागे कोणी नाही. त्यांनी परत लावली, आणि चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मोबाइल खाली ठेवून बारीक आवाजात म्हणाले,

"अजून आहे का तो इथे?"

म्हणजे ठाऊक होतं! इतकी वर्षं, इतके धंदे बदलले, ह्या माणसाला सगळं ठाऊक होतं! त्यांनी स्वतः पक्कड मागवली, वायर कापली. मेकॅनिक दुपारच्या आत हजर. माझ्या जिवंत बहिणीसाठी तो कधी मोकळा नव्हता, आणि मेलेल्या माणसाच्या धाकानं धावत आला. "भटजींना सांगतो, शांत करून घेऊ," असं शेठ म्हणाले.

मी विचारलं, "शेठ, त्याचं नाव काय होतं?"

"आता एवढं जुनं कुठं लक्षात राहतं, शोभाताई?"

मग मात्र माझा तोल सुटला. "दोन्ही पंजे घेतलेत त्याचे, आणि नाव लक्षात नाही? लाज वाटत नाही तुम्हाला? कोणाची शांत करताय?" सगळ्या बायका हातातलं काम टाकून उभ्या होत्या. शेठ खाली मान घालून निघून गेले. ती क्लिप त्यांनी त्याच दिवशी डिलीट केली. मला काढून टाकलं नाही अजून, टाकतील बहुतेक.

बाबा असते तर म्हणाले असते, नीट विचार कर, काहीतरी कारण असणार. खूप विचार केला. बाही फाटल्यावर तोल गेला म्हणावं, तर हात आधी वर कसे गेले? आणि कणकेतली बोटं कोणाची?

रेखा त्याच मशीनवर आहे, घर तिच्यावर चालतं. आता जाळी उचलली की मशीन थांबतं, मी रोज उचलून बघते. तिला भीती वाटत नाही म्हणे. तिला त्याचे आभार मानायचेत. परवा विचारत होती, "ताई, त्याला हाक काय म्हणून मारू?" मी लतामावशींना विचारलं. त्यांनाही आठवत नाही. मराठवाड्यातलं कोणी इथे असेल आणि तुमच्या घरातला, गावातला कोणी चिंचवडच्या प्रेस शॉपमधून पंजे गमावून परत आला असेल, तर एवढंच करा... त्याचं नाव मला कळवा.