कोपऱ्यातली म्हैस

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला पहिल्यापासून कंटाळा आहे. आमचं घराणं मेंढपाळांचं, वैजापूरकडचं. वडिलांबरोबर मेंढरांमागं फिरताना मी उघड्या रानात झोपलोय, स्मशानाच्या कडेला झोपलोय... कधी काही दिसलं नाही. तेव्हा वाचणाऱ्यांनी भीतीची अपेक्षा ठेवू नये. ही गोष्ट आठवली की मला किळस येते, आणि त्यातली निम्मी स्वतःचीच.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच्या आधीचा उन्हाळा. तेव्हाचं औरंगाबाद. पैठण गेटजवळच्या एका बोळात, अन्वरचाचांच्या शिलाईच्या दुकानावर माझी आणि गौतमची भागीत खोली होती. दोघंही मूळचे पाट्या रंगवणारे. शहराभोवती कारखाने वाढत होते, कामं वाढत होती, म्हणून हिंमत करून रंगीत मॉनिटरचा कम्प्युटर घेतला होता. अक्षरं गौतम करायचा, चित्रं मी. खुर्ची एकच, डबाही एकच. गौतम नामांतराच्या मोर्च्यांना जायचा, गळ्यात निळा रुमाल कायम. मी कधी गेलो नाही, पण तो परत येईपर्यंत त्याचं काम उरकून ठेवायचो. याचा मला उगीचच अभिमान होता.

बहिणीच्या लग्नासाठी गौतम आठ दिवस पैठणला गेला आणि नेमके तेव्हाच चितेगावकडच्या एका कारखान्याचे शेठ आले. त्यांना कामगारांत वाटायच्या कॅलेंडरसाठी चित्र हवं होतं, तेही कम्प्युटरवर काढलेलं. आफ्रिकेतलं गवताळ रान. त्यात कोट घातलेला सिंह म्हणजे शेठ, फाइल धरलेला जिराफ म्हणजे मॅनेजर, डबे घेऊन रांगेत उभे झेब्रे म्हणजे कामगार. मी कागदावर कच्चं काढून दाखवलं. शेठनी खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"इथं एक मेलेली म्हैस टाका. भोवती गिधाडं. अन् गिधाडांच्या गळ्यात निळे रुमाल," ते म्हणाले. "नामांतरवाले हो. कळतंय की लोकांना."

ते हसले. मीही हसलो.

गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून हसलो, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं सांगायचं तर मला थोडं हसू आलंच होतं. हे लिहिताना थुंकावंसं वाटतं.

गौतम यायच्या आत काम संपवून फ्लॉपी पाठवून द्यायची, असं ठरवलं. कारखान्यातलं कॅलेंडर त्याच्यापर्यंत कशाला पोचतंय? पाच दिवस मान मोडून बसलो. पिवळं गवत, सपाट माथ्याची झाडं, सिंहाच्या कोटाची बटणंसुद्धा छान जमली. शेवटी म्हैस आणि सहा गिधाडं. रुमाल निळे. सेव्ह केलं, कुलूप लावलं.

सकाळी फाइल उघडली तर गिधाडं नव्हती. बाकी सगळं जागच्या जागी... सिंह, झेब्रे, म्हैस. नीट सेव्ह झालं नसेल म्हणून सहाच्या सहा पुन्हा काढली. संध्याकाळी दोनदा सेव्ह केलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा नाहीत. आणि म्हशीचं पोट फुगलेलं होतं. मी तसं काढलं नव्हतं. पाय ताठ होऊन वर आले होते, आणि डोळ्याच्या जागी काळे ठिपके होते. स्क्रीनवर घाण बसली असेल म्हणून फडक्यानं पुसलं. ठिपके आतच होते. माशा होत्या.

वास त्याच दिवशी सुरू झाला. मेलेल्या जनावराचा वास मला कुणी शिकवायला नको. गोडसर, घशात चिकटणारा. डबा उघडला तर भाकरीलाही तोच. मोरीत जाऊन ओकलो. खालून अन्वरचाचा ओरडले, "क्या मर गया रे ऊपर? गिऱ्हाइक भाग रहे मेरे." मी कपाट सरकवलं, कोपरे झाडले, कम्प्युटरचा डबासुद्धा खोलला. काही सापडलं नाही.

मला आमच्या गावचा बैल आठवला. मी पाच-सहा वर्षांचा असेन. गावाबाहेरच्या दलित वस्तीतल्या लोकांनी मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं होतं, आणि एका बड्या घरचा बैल ओढ्याकाठी तीन दिवस पडून होता. सगळा गाव नाक दाबून शिव्या देत होता. बैलाच्या मालकाला नव्हे, वस्तीला.

त्या दुपारीच गौतम आला, ठरल्यापेक्षा एक दिवस आधी. हातात लग्नाच्या बुंदीचा पुडा. दारातच थबकला.

"लई घाण वास येतोय रे. काय मेलंय इथं?"

त्यानं स्क्रीनकडं पाहिलं. तिथं गिधाडं नव्हती, निळे रुमाल नव्हते. नुसतीच एक सडकी म्हैस. मी सुटलो होतो. गप्प बसलो असतो तर त्याला जन्मात कळलं नसतं.

"उंदीर मेलाय वाटतं," मी म्हणालो. "सापडंना."

"सरक, मी बघतो," असं म्हणत त्यानं पुडा टेबलावर ठेवला, गळ्यातला निळा रुमाल नाकावर ओढला आणि गुडघ्यांवर बसून टेबलाखाली हात घातला. माझ्यासाठी, मेलेलं काढायला.

मला ते बघवलं नाही.

"गौतम, ऊठ. उंदीर नाय तिथं," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. शेठचा कोपरा, रुमाल, सगळं. तो तसाच जमिनीवर बसून ऐकत राहिला.

"तू हसलास?"

"व्हय."

तो उठला. मोरीत जाऊन साबणानं हात धुतले, सावकाश. मग म्हणाला, "माझा बाप हेच वढायचा. त्यानं सोडलं तवा गावानं पाणी तोडलं आमचं. त्यानं सोडलं म्हणून मी या खुर्चीत बसतो." दारात जाऊन वळला. "तू काढलीस, तूच उचल."

बुंदीचा पुडा तसाच राहिला.

मी माऊस धरला. तो कोमट आणि बुळबुळीत लागला, ते मी अजून कुणाला पटवू शकलेलो नाही. म्हैस थोडी थोडी करून पुसली... आधी पाय, मग पोट. शेवटची माशी गेली, तिथं गवत भरलं आणि खालून अन्वरचाचांचा आवाज आला, "मिला क्या रे? बदबू गई." त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. शेठला मी नाही म्हणून कळवलं. त्यांनी ते चित्र दुसरीकडून करून घेतलं म्हणे, मी पाहिलं नाही.

गौतम परत आला तो फक्त त्याचे ब्रश न्यायला. पुढं त्यानं सिडकोत स्वतःचं दुकान काढलं. लग्नाकार्यात भेटतो, लांबून हात जोडतो. हातात हात देत नाही.

फ्लॉपी खराब असेल, उंदीर भिंतीत मेला असेल, असं पुष्कळांनी सुचवलं. खोली सोडताना भिंतीही उकरल्या, काही निघालं नाही. पण खोलीतला वास गेला तरी माझ्या उजव्या तळव्याचा गेला नाही. बायकोला येत नाही, डॉक्टरला आला नाही. मला येतो. तेव्हापासून मी चमच्यानं जेवतो. भाकरी असली की बायको चुरून देते. तिला वाटतं, कम्प्युटरवर काम करून हात दुखतो.