घागरीतली गारगोटी

मंगळवेढ्याकडच्या आमच्या गावात त्या उन्हाळ्यात माणसं रांगेत उभी राहतच नव्हती. उभ्या राहायच्या त्या घागरी. ज्याची घागर पुढं, त्याला टँकरचं पाणी आधी. दुसऱ्याच्या घागरीला कुणी हात लावायचा नाही, मग दोन घरांत कितीही वाकडं असो.

शेजारच्या मावशीची घागर पहाटेपासून पहिली असायची. वाऱ्यानं उडू नये म्हणून ती तिच्यात एक पांढरी गारगोटी टाकायची. “मावशीची घागर पोटुशी हाय,” असं म्हणून आम्ही पोरी तिला पिडायचो.

त्या दिवशी माझी घागर शेवटून दुसरी होती. घरात वहिनी आठ दिवसांची बाळंतीण आणि रांजणाचा तळ दिसत होता. हे रडगाणं मी मावशीपाशी गात होते, तेवढ्यात आभाळ तांबडं झालं. मी जीव मुठीत धरून देवळात पळाले; मावशी मागं घागरींपाशीच राहिली. धूळ नाकातोंडात गेली, पत्रे उडाले, शेजारी कोण उभं आहे तेही दिसेना.

वादळ सरलं तेव्हा प्लास्टिकच्या घागरी रानभर पांगल्या होत्या. जागेवर उभी होती ती फक्त माझी.

आणि टँकर आला. कोण पुढं, कोण मागं, नुसता कालवा उठला. मी घागर कवटाळून ओरडले, “पयला नंबर माझाच हाय की! डोळं फुटलं व्हय तुमचं?”

इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. मावशी पदरानं डोळे पुसत होती. माझ्याकडं एकदा पाहून ती आपली घागर शोधायला निघाली. मी घाईघाईनं पाईप घागरीत खुपसला. तिची घागर दूर बाभळीत अडकली होती. ती काढून आणेपर्यंत टँकर रिकामा झाला.

घरी रांजणात पाणी ओतताना घागरीत काहीतरी खडखडलं. हात घातला तर पांढरी गारगोटी.

स्वतःचीच चीड आली, रडूही आलं. मग अर्धी कळशी पाणी आणि ती गारगोटी घेऊन मावशीच्या दारात गेले. कळशी उंबऱ्यावर ठेवून मी गारगोटी तिच्यापुढं धरली.

“पाणी घिऊन जा माघारी,” ती म्हणाली. “बाळाचं अंग पुसायला लागंल की.”

गारगोटी तेवढी तिनं घेतली आणि आपल्या घागरीत टाकली. कोरड्या घागरीतली तिची खडखड माझ्या कानात बराच वेळ राहिली.