जवळ्याच्या वासामागे दिवेआगरपर्यंत

लग्नाचा वाढदिवस जवळ आला असताना नवरा आपण होऊन म्हणाला, "समुद्रावर जाऊ या का?" तेव्हाच मला संशय यायला हवा होता. उदय पॅकिंगची मशिनं बनवणाऱ्या कारखान्यात आहे. समुद्र म्हटला की त्याला खाऱ्या हवेने गंजलेले बोल्ट आठवतात. तरी मी खुशीत बॅग भरली. ती ठेवायला डिकी उघडली तर आत आधीच एक लाकडी खोकं, वायरची गुंडाळी आणि त्याची पान्यांची पेटी.

"हे काय?"

"वाटेत लागलं तर."

"वाटेत काय लागणार आहे, कारखाना?"

तो टायरची हवा बघायला गेला. हवा त्याने कालच भरली होती.

पुण्याहून दिवेआगरला जाणारे बहुतेक लोक ताम्हिणी घाटाने जातात. आम्ही मुद्दाम लांबचा रस्ता घेतला: खोपोली, पाली, मग कोलाडवरून तळा आणि आगरदांड्याची फेरी. श्रावणात पालीला गर्दी असते, पण सकाळी लवकर पोहोचलात तर बल्लाळेश्वराचं दर्शन निवांत होतं. बाहेर चहा आणि गरम भजी मिळतात. दुसरी प्लेट सांगितली तेव्हा उदयने तोंड उघडलं.

"विजूमावशीकडे एक छोटंसं काम आहे."

विजूमावशी म्हणजे माझ्या सासूबाईंची मावसबहीण. दिवेआगरला त्यांची नारळ-सुपारीची वाडी आहे. गावच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी उकडीच्या मोदकांची पिठी विकायला सुरुवात केली. त्यांची जुनी विद्यार्थिनी हिरा कोळीण सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी, विकते. दोघींनी मिळून पिशव्या सील करायचं एक मशीन घेतलं आणि मावशींच्या शेडमध्ये ठेवलं. भाडं वाचावं म्हणून पिठी आणि जवळा एकाच खोक्यातून मुंबईच्या एका दुकानदाराकडे जाऊ लागला.

"मग?"

"मग श्रावणातल्या संकष्टीला एका घरी त्या पिठीचे मोदक झाले. आणि मोदकांना जवळ्याचा वास आला."

भजी माझ्या घशात अडकली. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. उदय मात्र गंभीर होता. दुकानदाराने गणपतीची सगळी मागणी थांबवली होती. नमुन्याचं खोकं बिनवासाचं आलं तरच पुढचं बोलू, असं त्याचं म्हणणं. मावशी म्हणत होत्या हिराच्या पिशव्या गळतात, हिरा म्हणत होती बाईंच्या. मशीन वाटून घेता येत नाही, म्हणून शेडच वाटून घ्यायचं चाललं होतं.

"आणि माझ्या समुद्राचं काय?"

"समुद्र कुठे जातोय?" उदय म्हणाला. हे वाक्य मी पुढे दोन दिवस त्याला ऐकवलं.

तळ्यावरून आगरदांड्याचा रस्ता आता छान झालाय. दोन्ही बाजूंना हिरवीगार भातखाचरं, मध्येच ढग रस्त्यावर उतरलेले. फेरीचं तिकीट धक्क्यावरच मिळतं. गाडीसकट पलीकडे दिघीला जायचं भाडं खाडीला वळसा घालण्याच्या पेट्रोलपेक्षा कमीच पडतं. पावसाळ्यात मात्र फेरी चालू आहे ना, हे फोन करून विचारा. सुटे पैसे ठेवा, रेंजचा भरवसा नाही. फेरीवर मी गाडीतून उतरून कठड्याला टेकले आणि जेवढा समुद्र बघता येईल तेवढा बघून घेतला. पुढे काय होणार ते जणू कळलंच होतं.

मावशींनी दारातच विचारलं, "जेवून घेणार की आधी मशीन बघणार?" उदय म्हणाला, "मशीन." मी म्हणाले, "जेवण." दोन मतं पडल्यावर मावशींनी मशीन निवडलं.

शेडमध्ये एका बाजूला तांदूळ दळायची चक्की होती आणि दुसऱ्या बाजूला पायाने दाबायचं सीलिंग मशीन. पेडल दाबलं की वरची पट्टी खाली येते, तिच्यातली तार क्षणभर तापते आणि पिशवीचं तोंड वितळून चिकटतं. मशीनशेजारी हिरा पदर खोचून उभीच होती.

"वहिनी, तुमीच बगा," तिने मला पकडलं. "बाईंची पिठी उडतेय का न्हाय? माझ्या पिशव्यांच्या तोंडावर बसते. मग चिकटंल कशी?"

"आणि तुझ्या जवळ्याच्या मिशा?" मावशी कडाडल्या. "सीलमधून आरपार बाहेर येतात! मिशी आली की मागून वास येतो."

"मिशा हायत म्हणूनच जवळा हाय, बाई. मिशा काडून इकला तर लोक इचारतील, ह्ये काय हाय?"

उदयने पाण्याची बादली मागितली. सील केलेली पिशवी पाण्याखाली धरून दाबायची. बुडबुडे आले की सील फुटकं. सोपी परीक्षा. त्याने दोघींची एकेक पिशवी सील करून बुडवली. एकही बुडबुडा नाही. पुन्हा दोन केल्या. त्याही ठीक. दोघींनी विजयी मुद्रेने एकमेकींकडे पाहिलं, आणि आपापल्या पिशव्या चांगल्या म्हणजे दुसरीचाच दोष, यावर नव्याने भांडण सुरू झालं.

मला भूक लागली होती. चुलीवर वालाचं बिरडं शिजल्याचा वास येत होता, आणि इथे मिशांवर वाद चालला होता. माझ्या हाताशी चक्कीचं बटण होतं. दोघींचा आवाज तरी बुडेल म्हणून मी ते दाबलं. चक्की घरघरायला लागली. वरचा दिवा पिवळा पडला. हिराने तावातावाने आणखी एक पिशवी सील केली आणि बादलीत खुपसली.

बुडबुडे! पातेल्यात पाणी उकळावं तसे.

"चक्की कुणी लावली?" मावशी ओरडल्या.

"मी," मी म्हणाले. "चुकून."

उदय माझ्याकडे बघत राहिला, मग दिव्याकडे. "बंद कर. आता लाव. परत बंद." मी मन लावून बटण दाबत राहिले, तो पिशव्या सील करत राहिला. चक्की चालू झाली की वीज कमी पडायची, तार पुरेशी तापायची नाही, आणि सील वरून दिसायला छान पण आतून कच्चं राहायचं. चक्की चालू असताना केलेली मावशींची पिशवीसुद्धा बुडबुडली.

"म्हंजे बाईंच्या चक्कीनं माझ्या पिशव्या गळतात?" हिरा म्हणाली.

"दोघींच्याही गळतात," उदय म्हणाला. "तुमच्यातून वास बाहेर येतो आणि मावशीच्या पिशवीत आत जातो."

दोघी बादलीत वाकून आपापल्या पिशव्या बघायला लागल्या. ती संधी साधून मी जेवायचं विचारलं. बिरडं, भात आणि ताज्या नारळाची चटणी. इकडे आलात तर घरगुती खाणावळीत आधी सांगून बिरडं करवून घ्या, ऐनवेळी मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाकडी खोकं उघडलं. त्यात उदयने कारखान्यात कित्येक महिने झगडून बनवलेल्या, पण अजून मंजूर न झालेल्या नव्या पट्ट्या होत्या. वीज कमी-जास्त झाली तरी त्या आपलं तापमान राखतात. एक पट्टी मऊ रबराची, मध्ये किंचित फुगीर. ती आधी मधोमध टेकते आणि मग कडांना, त्यामुळे सीलमध्ये अडकलेली पिठी दोन्ही बाजूंना ढकलली जाते. हे मला समजावताना त्याचा चेहरा असा उजळला होता की समुद्राचा विषय काढवेना.

चक्की चालू ठेवून पिठीची पिशवी सील केली. बादलीत एक बुडबुडा नाही. मावशींनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग जवळा. बारीक, पण बुडबुडा आलाच. उदयने ताप वाढवला, तर पिशवी आक्रसून सुकट झाली. दाब वाढवला, तर मिशीने प्लॅस्टिकच फाडलं. दुपारपर्यंत त्याचा चेहरा पडला. पिठी जमली आणि जवळा नाही, तर वास तसाच राहणार होता. दुकानदाराकडे नमुना दुसऱ्या दिवशी निघायला हवा होता.

"हिरा," मावशी एकदम म्हणाल्या, "पिशवी गळ्यापर्यंत का भरतेस? शाळेत डब्यातही असंच कोंबायचीस."

"कमी भरली तर गिऱ्हाईक म्हंतं, फसवलं."

"मग पिशवी मोठी घे. वजन तेवढंच."

उदय उठला. मावशींचं लांब नळीचं तेलाचं नरसाळं त्याने मोठ्या पिशवीत पार खालपर्यंत घातलं आणि त्यातून जवळा सोडला. तोंड कोरडं, स्वच्छ, एकही मिशी नाही. सील केलं. बादलीभोवती आम्ही चौघं डोकी एकमेकांना लावून वाकलो. पाणी हललं नाही. हिराने पिशवी इतकी दाबली की उदयला "अहो, बास!" म्हणावं लागलं.

ते नरसाळं अर्थात मावशींना परत मिळालं नाही.

पुण्याला परतल्यावर तिसऱ्या दिवशी आमच्याकडेही एक खोकं आलं. दुकानदाराला पाठवलं तसंच. पिठी आणि जवळा शेजारी शेजारी. मी पिठीची पिशवी कापून नाक आत घातलं. ओल्या आंबेमोहर तांदळाचा वास, दुसरं काही नाही. उदयने तीच पिठी पाच वेळा हुंगली. कारखान्यात नव्या पट्ट्यांना मंजुरी मिळाल्याचं त्याने नंतर सांगितलं, जेवताना, मीठ मागावं तसं.

दिवेआगरला काय बघावं, असं तुम्ही विचारलंत तर मला फारसं सांगता येणार नाही. किनारा लांबलचक आणि सुंदर आहे, असं ऐकून आहे. मी पाहिला निघायच्या सकाळी, गाडीच्या काचेतून. पण लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याचा चेहरा त्या बादलीवर जसा खुलला, तसा तो सूर्यास्त बघून खुलला नसता, हे मला मान्य करावं लागलं. त्याच्यासमोर मी ते केलेलं नाही.

मी मावशींना फोन लावला. "पिठीला काहीच वास नाही हो!"

"दुकानदारही तेच म्हणाला. मागणी दिली त्याने." मग त्या कुरकुरल्या, "पण गं, आता हिराशी भांडायचं कशावरून?"

मागून हिराचा आवाज आला, "माझ्या कोंबड्या हायत की, बाई! तुमच्या वाडीत सोडू?"