अल्बमचं सामान

आई गेल्यावर तिच्या ट्रंकेतले सुटे फोटो माझ्याकडे आले. ‘तुले काय ताई, टाइमच टाइम आहे,’ असं धाकटी म्हणाली आणि दादानं मान हलवली. लग्न न झालेल्या बाईकडे वेळ पडलेलाच असतो, अशी आमच्या घरात पक्की समजूत होती. मी तेव्हा शहराबाहेर वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात टायपिस्ट होते आणि तिथंच जवळ भाड्याच्या खोलीत राहायचे. दिवसभर ट्रकांची घरघर, आणि खोलीवर आलं की बोलायला कोणी नाही. वेळ होता खरा.

ठरलं असं, की रविवारी धाकटीकडे प्रताप नगरला तिघांनी बसायचं आणि सगळे फोटो एका अल्बमात लावायचे. आई गेल्यापासून आम्ही भावंडं अशी बसलोच नव्हतो. आणि खरं सांगायचं तर त्या अल्बमात आईच्या जवळ कुठंतरी मी असावं, एवढं मला फार हवं होतं.

मी आठवडाभर सामान जमवत होते. बर्डीच्या बाजारातून काळ्या पानांचा जाडजूड अल्बम आणला, मध्ये पातळ कागद असलेला. ‘लग्नाचा का, बाई?’ दुकानदारानं विचारलं. मी हो म्हणून टाकलं, कोण समजावत बसणार! फोटो अडकवायचे चंदेरी कोपरे घेतले, काळ्या पानावर लिहायला पांढरी पेन्सिल घेतली. कोपऱ्यांवर माझा भरवसा नव्हता म्हणून मैद्याची खळ शिजवली आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकलं. ते निळसर प्रकरण पाहून घरमालकीण दारातूनच म्हणाली, ‘काय शिजवून राहिली वं? खाऊ नको बरं ते!’ महिनाभरात कोणी माझ्या पातेल्याची एवढी चौकशी केली नव्हती. मला बरंच वाटलं.

खळ झाकणाच्या डब्यात, डबा फडक्यात, फोटो जुन्या साडीच्या तुकड्यात. कात्री, ब्रश, हात पुसायला ओला रुमाल. पिशवी भरली, रिकामी केली, पुन्हा भरली. बसमध्ये ती मांडीवरच धरून बसले.

‘हे काय दुकान घेऊन आली वं!’ दादा हसला. मी सतरंजीवर सगळं मांडलं. दादाबरोबर आलेली वहिनी आणि धाकटी फोटोंवर वाकल्या, आणि दहा मिनिटांत फोटोंचे ढीग व्हायला लागले. दादाच्या लग्नाचे, त्याच्या मुलाच्या मुंजीचे. धाकटीचं डोहाळजेवण, तिच्या पोरीचं बारसं. आईचा एकटीचा मोठा फोटो दादानं बाजूला ठेवला. ‘घरी हार घालाले लागते न.’ मग म्हणाला, ‘एक अल्बम करून ठेवाचा कोणाच्या घरी? ज्याचे त्याले देऊन टाकू.’

बोलणं अगदी बरोबर होतं, म्हणूनच माझं डोकं फिरलं. ‘मग मले बोलावलं कायले?’ मी म्हणाले. धाकटी चहा टाकायला उठली.

चहा घेऊन आल्यावर तिनं विचारलं, ‘तुझे कोणते वं, ताई?’

माझा ढीग नव्हताच. आमच्याकडे फोटोग्राफर यायचा तो घरात काही घडलं म्हणून. माझ्या बाबतीत काही घडलंच नव्हतं. मुलाकडच्यांना दाखवायला स्टुडिओत काढलेल्या माझ्या फोटोच्या प्रती तेवढ्या होत्या, पिनांची भोकं पडून परत आलेल्या.

‘आईसोबतचा कोणताही एक द्या,’ मी म्हणाले.

मग तिघंही शोधायला लागली, अगदी मनापासून. दादानं चष्मा लावला. वहिनीनं आपल्या लग्नाचे फोटो पुन्हा उलगडले. एकात माझी नुसती वेणी होती, एकात ताट धरलेला हात. शेवटी एक निघाला, धाकटीच्या पाठवणीचा.

‘घे वं,’ धाकटी म्हणाली. ‘माझ्याजवळ असे लय आहेत.’ आणि तिला एकदम रडू आलं. तिचा राग धरावा असं तिनं काही केलं नव्हतं, तरी मला तो आला.

आईचा आणि माझा असा तो एकच फोटो आहे. आम्ही दोघी मांडवाच्या दाराशी उभ्या आहोत. आईनं माझा दंड घट्ट धरला आहे, तोल जाऊ नये म्हणून. ती मोटारीत बसणाऱ्या धाकटीकडे बघते आहे, आणि मी आईकडे.