वासाचा रकाना

कॉलेजात त्यांना सगळे भूछत्रमास्तर म्हणत. खरं तर ते मास्तर नव्हते, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले सहायक होते. काचपट्ट्या धुवायच्या, सूक्ष्मदर्शक पुसून कपाटात ठेवायचे, हे त्यांचं काम. पण जंगलातून आलेली अळंबी बोटांत फिरवून तिचं कूळ सांगावं तर त्यांनीच. प्राध्यापक मंडळी हे मान्य करत, त्यांच्या पाठीमागे.

अळंबी कुणासाठी थांबत नाही. तोडल्यावर चार-सहा तासांत रंग उतरतो, वास उडतो, आणि वाळवली की हातात चामड्याचा चतकोर तुकडा उरतो. म्हणून ती ताजी असतानाच कागद भरायचा. टोपीचा रंग, खालच्या पातींची दाटी, देठ कापल्यावर काळा पडतो की नाही, बीजाणूंचा ठसा पांढरा उमटतो की तपकिरी. आणि वास. जे स्वतः पाहिलं नाही तो रकाना कोरा सोडायचा, हा या कामातला पहिला धडा. मास्तरांनीच तो कित्येक मुलांकडून घोकून घेतला होता.

आणि मास्तरांना वास येत नव्हता. नमुने बुडवून ठेवायच्या औषधी पाण्याच्या बरण्यांवर तीस वर्षं वाकून वाकून नाक कामातून गेलं होतं. सांगितलं असतं तर आभाळ कोसळलं नसतं. पण ज्याला एकाच गोष्टीत मान आहे, तो त्या गोष्टीला पडलेलं भोक दाखवत नाही. त्यांनी युक्ती काढली होती. अळंबी एखाद्या मुलीच्या नाकाशी धरायची आणि परीक्षकाच्या आवाजात विचारायचं, सांग बघू, कशाचा? ती चाचरत म्हणे, कच्च्या बटाट्याचा. मास्तर नुसतं हुंकारत आणि लिहून टाकत. मुलांना वाटे, म्हातारा भलताच कडक आहे.

घरी दोघंच. ते आणि मोठी बहीण, अक्का. अक्का शिवणकाम करायची, आणि मान अवघडली की टेकडीमागच्या जंगलात जाऊन यायची. सुट्टीतल्या एका दुपारी ती कापडी पिशवीतून तीन अळंब्या घेऊन आली. कुजत चाललेल्या एका आडव्या खोडावर मिळाल्या म्हणाली. टोपी राखेच्या रंगाची, कडेला जांभळट झाक, पाती इतक्या विरळ की मोजून घ्याव्यात. मास्तर जेवणावरून उठले. अशी त्यांनी कुठे पाहिली नव्हती. पुस्तकातल्या चित्रांतही नाही.

ते चपला घालत असताना अक्का म्हणाली, "वास बघ हं. ओल्या कापडावर गरम इस्त्री फिरवली की येतो ना, तसा."

मास्तर हसले. तुझी पिशवी इस्त्रीच्या टेबलालाच टांगलेली असते, तुला दुसरा कसला येणार, असं काहीसं म्हणाले आणि निघाले.

प्रयोगशाळा सुट्टीमुळे रिकामी होती. नाकाशी धरून विचारावं असं कुणी नव्हतं. त्यांनी सगळे रकाने सुबक अक्षरात भरले. वासापाशी हात थांबला. कोरा सोडला तर बघणारा विचारेल, एवढ्या जुन्या माणसानं हेच कसं सोडलं. अक्काचं लिहावं तर ते पिशवीचं निघायचं. त्यांनी लिहिलं, "वास नाही." खाली अक्काचं नाव घातलं: गोळा करणारी.

वाळवलेली अळंबी आणि कागदाची नक्कल दूरच्या शहरातल्या एका वयस्कर बाईंकडे गेली. नवी जात ठरवायची तर त्यांचाच शब्द शेवटचा. चार महिन्यांनी उत्तर आलं. सूक्ष्मदर्शकाखाली ही एका जुन्या, माहीत असलेल्या जातीसारखीच दिसते, बाईंनी लिहिलं होतं. त्या जातीला वास नसतो. हिला असता तर मी वेगळी धरली असती. पण तुमचा कागद नाही म्हणतो, आणि तुमच्या कागदांवर माझा भरवसा आहे.

त्या भरवशानंच तोंड शिवलं. खरं सांगावं तर आजवरचे सगळेच कागद संशयात येणार. मास्तरांनी अक्काला एवढंच सांगितलं, की जुनीच निघाली. अक्का म्हणाली, असेल बाबा. मात्र पुढची दोन वर्षं ती त्या खोडापाशी जात राहिली आणि रिकाम्या हातानं परत येत राहिली. तिसऱ्या वर्षी खोडच नव्हतं. रस्ता रुंद करताना उचलून नेलं होतं.

त्यानंतर मास्तरांनी बाईंना सगळं लिहिलं. उत्तरात राग नव्हता, तेच जास्त लागलं. तीन वर्षांपूर्वीचा वास आठवणीवरून नोंदवता येत नाही, बाईंनी लिहिलं होतं. ताजी अळंबी पुन्हा मिळेपर्यंत ती जुन्याच नावाखाली राहील.

अक्का काज करत बसली होती. मास्तरांनी तिच्यासमोर स्टूल ओढलं आणि नाकापासून पत्रापर्यंत सगळं सांगितलं. तिची सुई चालूच होती.

"नाकाचं मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "करपलेलं दूध गटागटा पितोस, आणि मला काय सांगतोस."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तू विचारशील. सगळ्या कॉलेजातल्या पोरींना विचारत होतास."

तिनं दोरा तोडला. "त्या कागदावर माझं नाव आहे ना? ते खोडून टाक. मला विचारलंच नाहीस, तर माझं नाव कशाला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून मूळ कागद काढला. असल्या नोंदीत खाडाखोड चालत नाही. खालचं वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, शेजारी सही आणि तारीख. त्यांनी "वास नाही" वर रेघ मारली आणि लिहिलं, "वर्णन करणाऱ्याला वास येत नव्हता. गोळा करणारीला आला होता." अक्काचं नाव खोडायला मात्र त्यांचा हात धजला नाही. संध्याकाळी तिनं विचारलं, खोडलंस का, तेव्हा ते नाही म्हणाले. ती उठली आणि त्यांचं ताट वाढून, आपलं न घेता, आतल्या खोलीत गेली.